गोराईतलं यमुनामावशीचं रान

आयुष्याची बरीच वर्षं मी गवत काढलं. असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई शेतावर होती. शेत आमचं कणकवलीकडे होतं, ते लग्नाआधी. मी गवत काढलं ते मुंबईच्या उपनगरांत. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, चेंबूर, जिथं मोकळा प्लॉट पडून असायचा तिथं मी चार-पाच बायका घेऊन जायचे आणि तो साफ करून द्यायचे. माणसाला वाटतं या शहरात मोकळी जागाच नाही. आहे. कोर्टात अडकलेली आहे, भावाभावांत अडकलेली आहे, नुसतीच कुणीतरी धरून ठेवलेली आहे. आणि जिथं माणूस अडकतो तिथं गवत बिनधास्त वाढतं.

गवत हा आपला एक शब्द. त्यात घाणेरी असते, टाकळा असतो, रुई असते, एरंड असतो. गाजर गवत असतं, त्याची पांढरी बारीक फुलं दिसायला गोड. पण उघड्या हातांनी उपटलंत तर आठवडाभर खाजवत बसाल, आणि ज्याला दम्याचा त्रास आहे त्यानं त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. सगळ्यात वाईट वेडी बाभूळ. खारी जमीन, कोरडी जमीन, जिथं काही म्हणजे काही उगवत नाही तिथं ही उगवते. वरून तोडली की तिला आनंदच होतो. एका खोडाच्या जागी सात फांद्या काढते. तिचा जीव जमिनीखाली, खोड आणि मूळ जिथं जुळतं तिथल्या गड्ड्यात असतो. कुदळीनं उकरून तो गड्डाच काढावा लागतो. ज्याला हे करायचं नसतं तो वरवर कोयता मारून फोटो काढतो आणि जातो. पुढच्या पावसाळ्यानंतर मालक पुन्हा फोन करतो.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. मुलुंडला एक काका होते, प्लॉट सगळा साफ करा म्हणाले आणि मग प्रत्येक रुईपाशी येऊन उभे. ही मारुतीची, ही नको. ही पण मारुतीची. शेवटी नुसत्या रुया राहिल्या आणि काका खूश. घाटकोपरला एका सोसायटीनं बोलावलं, मागच्या बाजूला साप दिसला म्हणून. साफ केल्यावर साप नाही, पण तिसऱ्या मजल्यावरून फेकलेला इतका कचरा निघाला की तिथल्या बायकांमध्ये भांडण लागलं, हे कुणाचं आणि ते कुणाचं. आम्ही विळे बाजूला ठेवून ऐकत बसलो.

असं बरंच आहे. पण दिवाळी अंकासाठी लिही असं मला सांगितलं तेव्हा डोळ्यांपुढं एकच जागा आली. गोराईची.

आम्ही राहायला चारकोपला. सासरे गिरणीत होते, गिरणी गेल्यावर लालबागची खोली सोडून इकडे आलो. चारकोपहून गोराई म्हटलं तर समोर. खाडी ओलांडायची, बोटीनं पाच-दहा मिनिटं. तरी आम्ही कधी त्या अंगाला गेलो नव्हतो. तिकडची यमुनामावशी मात्र रोज इकडे यायची. आमच्या सेक्टरच्या नाक्यावर ती मासे घेऊन बसायची. सत्तरीला आलेली, पाठ ताठ, आवाज खणखणीत. भाव कमी कर म्हटलं की मासा परत टोपलीत ठेवायची.

मी समोरच्या प्लॉटवर काम करत होते, ते ती बसल्याबसल्या बघायची. एक दिवस तिनं मला हाक मारली.

"शालू, इकरं ये. माजी जमीन साफ करशील?"

"किती आहे मावशी?"

"तीन एकर हाय. काट्यांनी भरलीय."

मला वाटलं थट्टा करतेय. दिवाळी झाल्यावर गेले बघायला. गावाच्या मागं, खाडीच्या बाजूला. पूर्वी तिथं भात व्हायचं. मग एका वर्षी बांध फुटला, खारं पाणी आत आलं. नंतर पाणी यायचं थांबलं, पण मीठ राहिलं. जमीन टणक, भेगा पडलेली, पांढरट. पायाखाली पापडासारखी मोडायची. मी कोकणातली, इतकी कोरडी जमीन कधी पाहिली नव्हती. वाळवंट म्हणतात ते असंच असावं असं वाटलं. आणि त्या वाळवंटावर वेडी बाभूळ, माणसाच्या डोक्याच्या वर, एकात एक गुंतलेली. आत शिरायला कुत्र्यालासुद्धा वाट नव्हती.

"इथं काय पिकणार मावशी?" मी विचारलं.

"पिकवायचं कोनाला हाय?" ती म्हणाली. "मला बोंबील सुकवायचेत."

मग तिनं सांगितलं. गावच्या बायका आजवर किनाऱ्याच्या वाळूत बांबूच्या वलांडी उभ्या करून त्यांवर बोंबील सुकवायच्या. आता भरतीचं पाणी वर येतं. जो कोरडा तुकडा उरतो तिथं शनिवार-रविवारी फिरायला आलेले लोक गाड्या लावतात, वलांडीच्या खाली बसून फोटो काढतात, नाक दाबतात. सुकी मासळी ही तिची खरी कमाई. ओल्या माशाचा धंदा आजचा, सुक्याचा वर्षाचा. नवरा गेला होता. मुलगा महेंद्र बोटीवर जायचं सोडून बोरिवलीला कुठंतरी कामाला होता. सून घरात. आणि तिच्या सासऱ्यांची ही जमीन, वीस-पंचवीस वर्षं कुणी तिकडं फिरकलं नव्हतं.

"मीठ हाय, ऊन हाय, वारा हाय," मावशी म्हणाली. "बोंबलाला अजून काय लागतं?"

मला ते पटलं. मला तर ते फार आवडलं. एवढी वर्षं मी ज्या जागा साफ केल्या त्यांचं पुढं काय व्हायचं ते मला माहीत होतं. आम्ही साफ करायचो, मग पत्रे लागायचे, मग बोर्ड लागायचा. आम्ही पुन्हा त्या रस्त्यानं गेलो तर आत काय आहे ते दिसायचंसुद्धा नाही. इथं पहिल्यांदा कुणीतरी स्वतःच्या कामासाठी जमीन मागत होतं.

पाच बायका घेतल्या. त्यांत कलावती. ती परभणीकडची, चारकोपच्या नाक्यावर सकाळी काम मागायला उभ्या राहणाऱ्या बायकांमधली. माझ्याबरोबर सुरुवातीपासून होती. अंगानं काटकुळी, पण कुदळ तिच्या हातात गेली की तिच्याकडे बघत राहावं. बोलायची कमी.

मशीन आणायला वाट नव्हती, बांधावरून माणूस जेमतेम जायचं. सगळं हातानं. आधी कोयत्यानं फांद्या तोडायच्या, लांब काठीच्या आकड्यानं ओढून बाजूला करायच्या, मग बुंधा, मग उकरून गड्डा. जमीन दगडासारखी. पहार मारली की हात झिणझिणायचे. दुपारी सावली नाही. जी होती ती आम्हीच तोडत होतो. मावशी मासे विकून दुपारच्या बोटीनं परत आली की सरळ रानात यायची. पाणी आणायची, भाकरी आणायची. खाडीच्या कडेला मोरस नावाचा एक खारा पाला उगवतो, तो ती खुडून घ्यायची आणि आम्हाला बजवायची, "हा उपटू नका गो. ही भाजी हाय." मग संध्याकाळी जेवढं साफ झालं तेवढ्यावरून ती उगाचच या टोकापासून त्या टोकाला चालून यायची.

निम्मं काम झालं असेल तेव्हा कलावतीला काटा लागला. वेड्या बाभळीचा काटा चप्पल पार करून टाचेत गेला आणि आत मोडला. तिनं वरचा तुकडा उपसला, माती लावली आणि काम करत राहिली. मला सांगितलंसुद्धा नाही. दोन-तीन दिवसांनी ती बोटीतून उतरताना कठड्याला धरून उभीच राहिली. पाय घोट्यापर्यंत सुजून लाल झालेला.

"काय गं हे?"

"काय न्हाई बाई. काटा हाय. निघंल."

अंगात ताप होता. मी तिला परत घेऊन जाणार तेवढ्यात मावशी टोपली घेऊन त्याच बोटीत चढायला आली. तिनं पाय पाहिला. टोपली पोहोचवायला आलेल्या सुनेच्या हातात दिली, त्या दिवशीचा बाजार सोडला आणि आमच्याबरोबर बोरिवलीच्या दवाखान्यात आली. डॉक्टरांनी टाच कापून काटा काढला. पू झाला होता. आणखी उशीर झाला असता तर पाय वाचला नसता, असं ते म्हणाले. कलावतीचं इथं कुणी नव्हतं, ती झोपडीत दुसऱ्या चार जणींबरोबर भाड्यानं राहायची. मावशी तिला सरळ गोराईला घेऊन गेली. पाय बरा होईपर्यंत कलावती तिच्या ओटीवर होती. सून कुरकुरायची, मावशी दाद द्यायची नाही. "माज्या जमिनीत काटा लागला तिला," एवढंच म्हणायची.

कलावतीचा पाय बरा झाला, पण टाच टेकून ती पुढं कधी नीट चालली नाही. थोडी लंगडायची. काम सोडलं नाही.

होळीच्या आधी आम्ही रान संपवलं. शेवटची फांदी ओढून काढली तेव्हा समोर तीन एकर उघडे पडले. या टोकावरून खाडीचं पाणी दिसत होतं, पलीकडं आमच्या चारकोपच्या इमारती. चप्पल काढून मावशी आत गेली आणि मधोमध जाऊन खाली बसली. आम्ही आपले विळे-कोयते गोळा करत राहिलो.

लगेच वलांडी उभ्या राहिल्या. बांबू गाडले, दोऱ्या ताणल्या, आणि बोंबलाच्या जोड्या एकमेकांच्या जबड्यात अडकवून रांगेनं लटकवल्या. गावातल्या आणखी चार-पाच म्हाताऱ्या आल्या. मी गेले होते एकदा बघायला. वाऱ्यावर सगळ्या रांगा हलत होत्या. बायका खाली बसून सुकट निवडत होत्या, एकमेकींना शिव्या देत होत्या, हसत होत्या. मावशीनं मला बोंबलाचा एवढा मोठा जुडगा दिला की आमच्या मजल्यावर सगळ्यांना वाटूनही उरला. नवरा म्हणाला, "शाले, ह्यां तुझ्या कामाचां पयलां पीक." तो फारसा कौतुक करणारा नव्हे. म्हणून लक्षात राहिलं.

पावसाळ्यानंतर मी दुसऱ्यांदा गेले. बाभळीचा एखादा गड्डा सुटतोच, त्याला कोंब येतात. ते लहान असतानाच काढावे लागतात. बरोबर कलावती. बांधावरून चढलो तर रानात माणसं. टेप धरलेली दोन, एक कागद धरलेला, आणि बाजूला तिघं-चौघं उभे. त्यांत महेंद्र होता. मावशी त्यांच्यासमोर उभी होती.

जो मोठ्यानं बोलत होता तो तिचा धाकटा दीर, काशिनाथ. बरीच वर्षं तो बोरिवलीला फ्लॅटमध्ये राहत होता.

"वयनी, तुजा हिस्सा कोन खात नाय," तो म्हणत होता. "सगल्यांना हिस्से मिलतील. गिऱ्हाईक चांगला हाय."

"वीस-पंचवीस वरसं कोन आलं नाय इकरं," मावशी म्हणाली. "आता कशाला आलास?"

"यायला वाट कुटं होती? मोजनी करायची म्हनून दोनदा मानूस आनला, काट्यांतून आत शिरला नाय. आता तू साफ केलंस म्हनून तर मोजता आली."

तो हे टोमणा म्हणून बोलला नाही. खरंच खुशीत बोलला, जणू तिनं घरच्यांवर उपकारच केले होते. मावशीनं त्याच्याकडं पाहिलं, मग मुलाकडं.

"महेंद्र, तुला ठाऊक होतं?"

महेंद्र खाली बघत होता. "आये, किती दिवस बोंबील सुकवशील? तुजं वय झालं."

"माजं वय झालं तर मी बघेन."

"बाकी सगल्यांनी सह्या केल्यात," तो म्हणाला.

मोजणीवाल्या माणसानं मावशीला जरा बाजूला व्हायला सांगितलं, कारण ती टेपच्या मध्ये उभी होती. ती बाजूला झाली.

मी आणि कलावती कोंब न काढताच परत आलो. बोटीत कलावती म्हणाली, "बाई, काटे व्हते तवर बरं व्हतं तिचं." ते मला तिथं उभं असतानाच कळलं होतं.

मावशीनं सही दिली नाही. भांडली, गावकीत गेली, कुणाकुणाचे उंबरे झिजवले. शेवटी तिच्या वाट्याचा म्हणून खाडीच्या कडेचा एक पट्टा तोडून दिला आणि बाकीच्या जमिनीला घेणाऱ्यानं भिंत घातली. पट्टा सगळ्यात खालच्या अंगाला. मोठ्या भरतीला तिथं ओल चढायची. तरी तिनं तिथं वलांडी उभारल्या. पण भिंतीनं वारा अडवला. वाऱ्याशिवाय बोंबील सुकत नाही, कुजतो. त्या वर्षी तिनं टोपल्याच्या टोपल्या खाडीत ओतल्या. पुढच्या हंगामात बांबू काढून घरी नेले. चारकोपच्या नाक्यावर ती आणखी थोडे दिवस आली, मग तेही बंद झालं. तिच्या जागी एक भाजीवाला बसायला लागला.

आणि भिंतीच्या आत काहीच झालं नाही. परवानगी मिळेना म्हणे, किंवा घेणाऱ्यांत आपसांत बिनसलं, मला नक्की ठाऊक नाही. जमीन तशीच राहिली. आम्ही सोडलेले कोंब वाढले. शेळ्या शेंगा खातात आणि लेंड्यांतून बी पसरवतात. जिथं एक झाड होतं तिथं चार झाली.

मग मला फोन आला. नाव नवीन, आवाज तरुण. गोराईला अडीच एकरांचा प्लॉट आहे, पाहणीसाठी साफ करून हवा आहे, तुमचं नाव कुणीतरी सुचवलं. मी विचार करून सांगते म्हटलं. माझे गुडघे तोवर गेले होते. मी काम जवळजवळ थांबवलं होतं. पण माझ्यामागे बायका होत्या, आणि त्या वर्षी नाक्यावर काम फार कमी होतं. मी हो म्हणण्याआधी गोराईला गेले.

मावशी ओटीवर बसली होती, भिंतीला टेकून. ती ताठ पाठ गेली होती. सुनेनं मला पाणी दिलं आणि आत निघून गेली. मी सगळं सांगितलं.

"तुला इचारायला यायचं काय कारन?" ती म्हणाली.

"तुमची जमीन आहे मावशी."

"माजी नाय ती." तिनं मला बसायला जागा करून दिली. "तू नाय केलंस तर मशीन आनतील. आता रस्ता झालाय तिकडनं. तुज्या बायकांना पोट हाय. कर."

मी उठले. तिनं माझा पदर धरला.

"माज्या पट्ट्याला तेवरा हात लावू नको. माजलाय म्हनतात तोपन."

"तो तर मी फुकट काढून देईन."

"नको," ती म्हणाली. "काटे राहू दे. काटे हायत तवर कोन बघत नाय."

मी बसून राहिले असते, पण शेवटची बोट धरायची होती.

काम केलं. ते माझं शेवटचं मोठं काम. या वेळी बायका नव्या होत्या, जुन्यांपैकी एकटी कलावती. ती टाच उचलून चालायची, पाऊल जपून टाकायची, जपून उचलायची. मी बहुतेक वेळ दगडावर बसून सांगत होते. कुणी पाणी घेऊन आलं नाही. बाटल्या आम्हीच नेल्या होत्या. भिंतीपलीकडं मावशीचा पट्टा होता, हिरवागार, बाभळीनं गच्च. आमच्या बाजूची जमीन जसजशी उघडी पडत गेली तसतशी ती पांढरी जमीन उन्हात डोळ्यांना खुपायला लागली.

शेवटच्या दिवशी भिंतीच्या कडेचं राहिलं होतं. पट्ट्यातल्या बाभळीची एक जाड फांदी भिंतीवरून आमच्या बाजूला ओणवी आली होती. कलावतीनं सवयीनं कोयता उगारला. मी तिचा हात धरला.

"बाई, ही आपल्या अंगाला आलीया की," ती म्हणाली.

"येऊ दे," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं, कोयता खाली केला आणि फांदीखालून वाकून पलीकडचं गवत काढायला गेली.